राउटरचा पासवर्ड हरवतो तेव्हा

कार्यालयातील राउटरचा पासवर्ड कोणालाच आठवेनासा झाला, तरी त्या दिवशी काहीच बिघडत नाही. ई-मेल येत-जात राहतात, शाखेचा मुख्यालयाशी असलेला संपर्क सुरू राहतो, पगाराच्या याद्याही वेळेवर पोहोचतात. आपले काम करण्यासाठी राउटरला पासवर्ड लागत नाही. तो लागतो त्या कामात बदल करू पाहणाऱ्या माणसाला. म्हणूनच हरवलेला पासवर्ड अनेकदा महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. इंटरनेट पुरवठादार बदलायचा ठरला, नवी शाखा जोडायची वेळ आली किंवा सुरक्षा तपासणीसाठी लेखापरीक्षक येऊन बसले, की मग शोधाशोध सुरू होते. तोवर यंत्र बसवणारा कंत्राटदार दुसऱ्या गावी गेलेला असतो, नाहीतर संगणक विभागातील जाणत्या कर्मचाऱ्याने नोकरी सोडलेली असते.

अशा वेळी पासवर्ड ‘परत मिळवायचा’ असे बोलीत म्हटले जाते. पण बहुतेक प्रसंगी जुना शब्द परत मिळत नाही. मिळतो तो यंत्रावरचा ताबा, आणि मग जुन्याच्या जागी नवा पासवर्ड ठेवला जातो. हा ताबा दूरवरून, नेटवर्कच्या दुसऱ्या टोकाला बसून घेता येत नाही. तशी सोय ठेवली असती तर ती मालकाआधी चोराच्या कामी आली असती. त्यासाठी यंत्राजवळ जावे लागते, त्याच्या कन्सोल पोर्टला केबल जोडावी लागते आणि बहुधा त्याचा वीजपुरवठा बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. यंत्र ज्याच्या हाती आहे तोच त्याचा मालक, असे गृहीत धरून उत्पादकांनी ही वाट मुद्दाम ठेवलेली आहे. सर्व्हर रूमला कुलूप का हवे, याचे याहून थेट कारण दुसरे सांगता येणार नाही.

सिस्को कंपनीच्या राउटरवर ही वाट कशी चालते हे पाहिले, म्हणजे इतर यंत्रांचे समजणे सोपे जाते. सीसीएनए परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हा धडा गिरवला आहे. मात्र पाठ केलेल्या आज्ञांमागचे कारण लक्षात न घेतल्याने प्रत्यक्ष कामाच्या वेळी घात होतो. या राउटरमध्ये चार प्रकारची स्मृती असते. ‘रॉम’मध्ये यंत्र जागे करणारा छोटासा प्रारंभिक प्रोग्रॅम असतो. ‘फ्लॅश’मध्ये आयओएस ही कार्यप्रणाली असते. ‘एनव्हीरॅम’ या वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत ‘स्टार्टअप-कॉन्फिग’ नावाची फाइल असते. पत्ते, मार्ग, नियम आणि पासवर्ड हे सारे तिच्यात लिहिलेले असते. यंत्र सुरू होताना ही फाइल वाचली जाते आणि तिची चालती प्रत ‘रॅम’मध्ये तयार होते. तिला ‘रनिंग-कॉन्फिग’ म्हणतात. रॅममधली ही प्रत वीज जाताच नाहीशी होते.

पासवर्ड हा या कॉन्फिगरेशनचाच एक भाग असल्याने, ती फाइल न वाचताच राउटर सुरू करता आला तर त्याच्याजवळ विचारण्यासाठी पासवर्डच उरत नाही. फाइल मात्र जागच्या जागी शाबूत राहते. सारी युक्ती एवढीच आहे. ती साधण्यासाठी ‘कॉन्फिगरेशन रजिस्टर’ ही सोळा बिटांची एक नोंद वापरली जाते. षोडशमान पद्धतीत तिचे नेहमीचे मूल्य २१०२ असते. शून्यापासून मोजल्यास सहाव्या क्रमांकाचा बिट एक केला की ते २१४२ होते, आणि त्या बिटाचा अर्थ ‘एनव्हीरॅममधील मजकुराकडे दुर्लक्ष करावे’ असा असतो.

प्रत्यक्ष कृती अशी. कन्सोल पोर्टला फिकट निळी चपटी केबल जोडून तिचे दुसरे टोक संगणकाच्या सीरियल पोर्टला, किंवा आताच्या लॅपटॉपवर यूएसबी कन्व्हर्टरला लावतात. नव्या बऱ्याच यंत्रांना थेट यूएसबी कन्सोलही असतो. विंडोज एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल हा प्रोग्रॅम विंडोजबरोबरच येत असे. विस्टापासून तो काढून टाकला गेला आणि त्याची जागा बहुतेकांकडे पुटीने घेतली. वेग ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट अशी जुळणी केल्यावर राउटरची वीज बंद करून पुन्हा चालू करतात आणि पहिल्या मिनिटाच्या आत ‘ब्रेक’ कळ दाबतात. नेहमीची सुरुवात तिथेच थांबते आणि पडद्यावर ‘रॉममॉन’ ही अक्षरे दिसतात. तेथे ‘कॉन्फरेग’ या आज्ञेने रजिस्टर २१४२ करून ‘रीसेट’ दिले, की राउटर कारखान्यातून नुकताच आल्यासारखा सुरू होतो आणि प्रारंभिक मांडणी करायची का असे विचारतो. त्याला ‘नो’ म्हणून ‘एनेबल’ असे लिहिताच, पासवर्ड न विचारता, सर्वोच्च अधिकार हाती येतात.

अनेक लॅपटॉपवर ब्रेक कळच नसते आणि काही स्वस्त कन्व्हर्टर तिचा संकेत पुढे पाठवत नाहीत. अशा वेळी जुने तंत्रज्ञ एक उपाय करतात. संगणकावरील वेग १२०० बॉड ठेवायचा, राउटर चालू करायचा आणि दहा-पंधरा सेकंद स्पेसबार दाबत राहायचे. इतक्या संथ गतीने आलेली अक्षरे ९६०० वर ऐकणाऱ्या राउटरला ब्रेकसारखीच भासतात. मग वेग पुन्हा ९६०० करून जोडणी नव्याने उघडली की ‘रॉममॉन’ समोर असते.

खरी कसोटी पुढे असते. या क्षणी रॅममधील चालते कॉन्फिगरेशन कोरे आहे आणि एनव्हीरॅममधील जुने पूर्ण आहे. म्हणून स्टार्टअपची प्रत रनिंगमध्ये आणायची असते. ‘कॉपी’ या आज्ञेत आधी कोठून आणि मग कोठे हे लिहावे लागते. घाईत हा क्रम उलटला, की कोरे कॉन्फिगरेशन जुन्यावर लिहिले जाते आणि अनेक वर्षांत जमत गेलेली मांडणी एका ओळीत नष्ट होते. पासवर्ड हरवल्यामुळे झालेल्या नुकसानीपेक्षा तो काढताना झालेली अशी नुकसानी कितीतरी मोठी असते. क्रम बरोबर राहिला तर जुनी मांडणी परत येते, पण जोडणीचे सारे इंटरफेस बंद अवस्थेतच राहतात. त्यातला जो जो वापरात आहे त्याला ‘नो शटडाउन’ ही आज्ञा द्यावी लागते. पासवर्ड बदलला, तरी नेटवर्क का चालत नाही म्हणून मध्यरात्री फोन फिरवणाऱ्या नवख्यांची अडचण बहुधा एवढीच असते.

त्यानंतर ‘एनेबल सिक्रेट’ने नवा पासवर्ड ठेवायचा, कन्सोल आणि दूरस्थ प्रवेशाचे पासवर्डही बदलायचे, रजिस्टर पुन्हा २१०२ करायचे आणि चालते कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममध्ये जतन करायचे. यातले रजिस्टर परत बदलणेच अनेकदा राहून जाते. त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. कधीतरी वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते आणि वीज परतल्यावर राउटर कोराच सुरू होतो. भारनियमन सोसलेल्या गावांत या चुकीची शिक्षा लवकर मिळत असे. अखंड विजेच्या इमारतीत ती दोन-तीन वर्षे दबा धरून बसू शकते, आणि तोवर काम केलेला तंत्रज्ञ कोण होता हेही आठवत नाही.

एवढा खटाटोप करण्याआधी शहाणा तंत्रज्ञ कॉन्फिगरेशनची जुनी प्रत कोठे साठवलेली आहे का, हे पाहतो. सिस्कोच्या जुन्या मांडणीत काही पासवर्ड ‘टाइप ७’ या रूपात लिहिलेले असतात. ते केवळ खांद्यावरून डोकावणाऱ्याला चटकन वाचता येऊ नयेत एवढ्यासाठीच विस्कटलेले असतात आणि क्षणात मूळ रूपात आणता येतात. ‘एनेबल सिक्रेट’ची गोष्ट वेगळी. तो एकेरी गणिती प्रक्रियेने साठवला जातो, आणि दुबळा नसेल तर त्यावरून मूळ शब्द काढणे व्यवहारात शक्य होत नाही. तरीही एका ‘टाइप ७’ शब्दावरून दुसऱ्याचा अंदाज करता येतो, कारण माणसे तोच पासवर्ड शेवटचा आकडा बदलून सगळीकडे वापरतात. राउटरची वीज बंद न करता काम झाले, तर त्याहून बरे काय? ही सोय परक्यालाही तितकीच उपयोगी पडते, म्हणून कॉन्फिगरेशनच्या प्रती सामायिक फोल्डरमध्ये उघड्या ठेवणे धोक्याचे ठरते.

इतर यंत्रांत तत्त्व हेच, तपशील निराळे. सिस्कोच्या कॅटलिस्ट २९५० किंवा २९६० यांसारख्या स्विचमध्ये दर्शनी बाजूचे ‘मोड’ बटण दाबून ठेवून वीज चालू करतात आणि फ्लॅशमधील कॉन्फिगरेशन फाइलचे नाव तात्पुरते बदलतात. ठरलेल्या नावाची फाइल न सापडल्याने स्विच कोरा सुरू होतो. मग नाव पूर्ववत करून ती वाचून घेतात. ज्युनिपरच्या यंत्रांत सुरुवातीलाच प्रक्रिया थांबवून एकल-वापरकर्ता अवस्थेत शिरतात आणि ‘रूट’चा पासवर्ड नव्याने ठेवतात. छोट्या सेवा पुरवठादारांच्या आवडीचा मायक्रोटिक मात्र या बाबतीत कठोर आहे. तेथे यंत्र पुन्हा हाती येते, पण कॉन्फिगरेशन पुसूनच. ज्याने आधी प्रत काढून ठेवली नसेल त्याला सारे नव्याने लिहावे लागते.

घरातल्या राउटरची जातकुळी याच शेवटच्या प्रकारात मोडते. मागच्या बाजूच्या बारीक छिद्रात टाचणी घालून दहाएक सेकंद दाबून धरले, की त्यातील सारे पुसले जाते आणि खाली चिकटवलेल्या लेबलवरचा मूळ पासवर्ड पुन्हा लागू होतो. हे इतके सोपे आहे, की त्यापुढचा विचार सहसा केला जात नाही. बीएसएनएलने २००५ मध्ये ब्रॉडबँड सुरू केले, त्या काळातील एडीएसएल मोडेममध्ये ग्राहकाचे जोडणीचे नाव व पासवर्ड भरलेले असत. मोडेम पुसला की तेही जात आणि ते लिहिलेला कागद घरात कोणालाच सापडत नसे. आता फायबर जोडणीतील पेटीची मांडणी बहुधा पुरवठादारच दुरून सांभाळतो. त्यामुळे टाचणी हाती घेण्याआधी त्याच्या ग्राहक सेवेला फोन करणे हिताचे. पुष्कळदा पासवर्ड तेथूनच बदलून मिळतो. टाचणीचा प्रयोग केलाच, तर घरातील वाय-फायचे नाव आणि पासवर्डही मूळचे होतात, आणि दूरचित्रवाणी संचापासून दारावरच्या कॅमेऱ्यापर्यंत प्रत्येक उपकरण पुन्हा जोडत बसावे लागते.

पुसलेल्या राउटरवर कारखान्याचा मूळ पासवर्ड तसाच ठेवणे ही दुसरी चूक. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने अशाच मूळ नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या आलटूनपालटून वापरून जगभरातील कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेच्या बळावर ‘डिन’ या कंपनीवर मारा झाला आणि अमेरिकेत ट्विटरसह अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली. त्यानंतर कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, सर्व यंत्रांना सारखाच मूळ पासवर्ड देण्यास कायद्याने आडकाठी आली. लेबलवरचे प्रत्येक यंत्राचे वेगळे अक्षरजंजाळ आता वाढत्या प्रमाणात दिसते, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

कन्सोल केबल घेऊन आलेल्या कोणालाही राउटर ताब्यात घेता येतो, हे मालकाच्या सोयीचे असले तरी जेथे यंत्र कुलपाबाहेर, एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली किंवा दुसऱ्याच्या जागेत ठेवावे लागते तेथे ते परवडत नाही. त्यासाठी सिस्कोने ‘नो सर्व्हिस पासवर्ड-रिकव्हरी’ अशी आज्ञा दिली आहे. ती लागू केल्यावर ब्रेक कळ ‘रॉममॉन’पर्यंत नेत नाही. सुरुवातीच्या काही सेकंदांत ती दाबल्यास, यंत्र मूळ अवस्थेत न्यायचे का एवढेच विचारले जाते, आणि होकार दिल्यास स्टार्टअप-कॉन्फिग पुसले जाते. यंत्र मिळते, मांडणी जाते. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून केलेली ही तजवीज मालकावरही उलटू शकते. तिचे सर्वांत गाजलेले उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे.

त्या शहराच्या प्रशासनाचे ‘फायबरवॅन’ नावाचे नेटवर्क होते. ई-मेल, वेतनपत्रके, पोलीस खात्याची कागदपत्रे यांची ने-आण त्यावरून होत असे. ते उभारण्यात टेरी चाइल्ड्स या अभियंत्याचा मोठा वाटा होता आणि कालांतराने त्याचे सर्वोच्च पासवर्ड त्याच्या एकट्याकडेच राहिले. जुलै २००८ मध्ये वरिष्ठांनी बैठकीत ते मागितले तेव्हा त्याने दिलेले पासवर्ड चालले नाहीत. त्याला अटक झाली. जामिनाची रक्कम ५० लाख डॉलर ठरली. प्रशासनाने सिस्कोच्या अभियंत्यांची मदत घेतली, पण नेहमीची वाट बंद होती. पासवर्ड काढण्याची सोय यंत्रांवर रोखलेली होती, आणि काही यंत्रांचे कॉन्फिगरेशन एनव्हीरॅममध्ये जतनच केलेले नव्हते. ते केवळ रॅममध्ये चालत होते. ताबा मिळवण्यासाठी वीज बंद करावी, तर यंत्राला आपले काम काय होते हेच आठवले नसते.

या साऱ्या काळात नेटवर्क व्यवस्थित चालू होते, ही या प्रकरणातील सर्वांत विलक्षण बाब. शहराचे व्यवहार थांबले नाहीत. फक्त ते ज्यावर चालत होते त्या यंत्रणेवर शहराचा अधिकार उरला नव्हता. अखेर त्याच महिन्यात महापौर गॅव्हिन न्यूसम, जे पुढे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले, तुरुंगात जाऊन चाइल्ड्सला भेटले आणि त्याने पासवर्ड त्यांच्या हाती दिले. अनेकजण ऐकत असताना पासवर्ड उघड करणे सुरक्षेच्या नियमांत बसत नव्हते, असा त्याचा बचाव होता. खुल्या फोनवर पासवर्ड सांगणे गैरच, आणि अनेक तंत्रज्ञांची सहानुभूती तेवढ्यापुरती त्याच्या बाजूने होती. पण एकट्याने किल्ली अडवून ठेवण्याचे समर्थन त्यातून होत नाही. ज्युरींपैकी एकजण स्वतः नेटवर्क अभियंता होता, तरीही एप्रिल २०१० मध्ये, अधिकृत वापरकर्त्यांना संगणक सेवा नाकारल्याबद्दल, तो दोषी ठरला. ऑगस्टमध्ये त्याला चार वर्षांची शिक्षा झाली, सुमारे १५ लाख डॉलर भरपाईचा आदेशही निघाला आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. एका माणसाच्या हाती सारे सोपवून निर्धास्त राहिलेल्या वरिष्ठांचे उत्तरदायित्व मात्र त्या खटल्याच्या कक्षेत येत नव्हते.

भारतातही हा प्रश्न केवळ कार्यालयीन शिस्तीचा राहत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणक किंवा नेटवर्कमध्ये प्रवेश करणे आणि अधिकृत व्यक्तीला प्रवेश नाकारणे, या दोन्हींचा समावेश आहे. ही कृत्ये अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केली, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे नोकरी सोडताना थकबाकीसाठी पासवर्ड अडवून धरणारा कर्मचारी जसा अडचणीत येऊ शकतो, तसाच दुसऱ्याच्या राउटरवर परवानगीविना ब्रेक कळ दाबणाराही. यंत्र भाड्याचे किंवा सेवा पुरवठादाराच्या मालकीचे असेल, तर ते कार्यालयाच्या कपाटात असूनही त्याला हात लावण्याआधी लेखी परवानगी घ्यावी लागते. बाहेरच्या तंत्रज्ञानेही असे काम तोंडी निरोपावर स्वीकारू नये.

कामाची वेळ ठरवताना राउटर किमान अर्धा तास बंद राहील असे धरून चालावे आणि जमल्यास सुटीचा दिवस निवडावा. वीज बंद करण्यापूर्वी यंत्राच्या पुढच्या-मागच्या बाजूची छायाचित्रे काढून कोणती केबल कोठे आहे हे टिपून ठेवले, तर नंतर ‘नो शटडाउन’ कोणत्या इंटरफेसला द्यायचे हा प्रश्न निम्मा सुटतो. कन्सोल सत्रातील पडद्यावरचा सारा मजकूर पुटीच्या लॉग फाइलमध्ये नोंदवून घेणे सुरुवातीपासूनच चालू करावे. एनव्हीरॅममधील कॉन्फिगरेशन एकदा पडद्यावर आणले की त्याची प्रत आपोआप हाती राहते, आणि ‘कॉपी’चा क्रम चुकला तरी सर्वस्व जात नाही.

नवा पासवर्ड निदान दोन जबाबदार व्यक्तींना ठाऊक असावा, आणि त्याची एक प्रत बंद लिफाफ्यात, तारीख घालून, चेकबुके ठेवली जातात त्याच तिजोरीत असावी. संस्था मोठी असेल, तर लिफाफ्याऐवजी पासवर्ड सांभाळणारे सॉफ्टवेअर आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र प्रवेशनाम देणारा मध्यवर्ती सर्व्हर वापरतात. पण तो सर्व्हर बंद पडला तर राउटरवर शिरता यावे म्हणून एक स्थानिक खाते ठेवावेच लागते, आणि त्याचा पासवर्ड पुन्हा लिफाफ्यातच जातो. तंत्रज्ञ निघण्यापूर्वी ‘शो व्हर्जन’ ही आज्ञा द्यायला सांगावी. तिच्या उत्तराच्या अखेरच्या ओळीत, पुढच्या सुरुवातीला लागू होणारे मूल्य २१०२ असल्याचे दिसल्यावरच कपाट बंद करावे.